पाचशे दहाची रांग आणि गणिताचा तास

५१० या संख्येतल्या अंकांची बेरीज ६, आणि ५१० ला ६ ने पूर्ण भाग जातो: ८५. पुढची संख्या ५११. बेरीज ७, भागाकार ७३. त्यापुढची ५१२. बेरीज ८, भागाकार ६४. मग ५१३, बेरीज ९, भागाकार ५७. त्यानंतर ५१४ येते, तिची बेरीज १०, आणि रांग तुटते.

हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा मी कागद बाजूला ठेवू शकले नाही. आपल्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या चार संख्या एकमेकींना खेटून कशा उभ्या राहिल्या? हा योगायोग आहे की यामागे काही आहे? असा प्रश्न ज्या मुलाच्या मनात एकदा येतो, त्याला गणित म्हणजे काय ते कळायला सुरुवात झालेली असते. शाळेतल्या दहा वर्षांत असा प्रश्न पडण्याची संधी आपण मुलांना किती वेळा देतो, हा मला आज विचारायचा सार्वजनिक प्रश्न आहे. माझं उत्तर असं: जवळजवळ देतच नाही, आणि ती दिली पाहिजे. पुस्तकाच्या कोपऱ्यातल्या रंगीत चौकटीत किंवा २२ डिसेंबरला गणित दिनाच्या भाषणात दिली तर ती दिल्यासारखी होत नाही. गणिताच्या रोजच्या तासाला दिली पाहिजे.

या संख्यांना नाव दिलं ते महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पुढे पदव्युत्तर शिक्षण झालं नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं त्यांनी देवळालीच्या शाळेत शिकवलं आणि उरलेला वेळ संख्यांना दिला. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक आज जगभर ओळखला जातो. सगळे सारखे नसलेले कोणतेही चार अंक घ्या, त्यांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तिथून हलत नाही. या ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ भागिले १८ म्हणजे ३४३, म्हणजेच ७ चा घन. ही संख्या स्वतःही त्याच कुळातली आहे.

अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं, म्हणजे हर्ष देणाऱ्या. पुढे १९७७ साली आयव्हन निव्हेन या अमेरिकी गणितज्ञाने एका परिषदेतल्या व्याख्यानात यांचा उल्लेख केला आणि तिकडे ‘निव्हेन संख्या’ हे नाव रूढ झालं. मला कापरेकरांचं नाव जवळचं वाटतं, आणि त्याला अभिमानाखेरीज दुसरंही कारण आहे. संख्येचं नाव तिच्या गुणधर्मावरून न ठेवता, ती शोधताना होणाऱ्या आनंदावरून ठेवणारा माणूस शिक्षक होता. वर्गात काय घडलं पाहिजे ते त्याने त्या एका शब्दात लिहून ठेवलंय.

त्यांच्या हयातीत इथल्या अनेक गणितज्ञांनी हे काम किरकोळ ठरवलं. १९७५ साली गणिती कोड्यांवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर त्यांचं नाव सर्वदूर पोचलं. १९८६ साली ते गेले. आता आपण त्यांचा फोटो लावतो, ६१७४ ची करामत मुलांना करून दाखवतो, टाळ्या घेतो. पण ते स्वतः जे करत, म्हणजे एक साधा प्रश्न घेऊन दिवसचे दिवस आकडे मांडत बसणं, ते मुलांना करू देत नाही.

का करू देत नाही? पहिलं उत्तर ठरलेलं असतं: याचा उपयोग काय?

हा प्रश्न मी टाळणार नाही. हर्षद संख्यांनी पूल बांधला जात नाही, औषध बनत नाही. पण त्या मुलाचं काय करतात ते पाहा. पाचशे दहाच्या रांगेकडे परत जाऊ. प्रत्येक संख्येतून तिच्या अंकांची बेरीज वजा करा. ५१० वजा ६, उत्तर ५०४. ५११ वजा ७, उत्तर ५०४. ५१२ वजा ८, तेच. ५१३ वजा ९, तेच. एकक एकाने वाढला की संख्याही एकाने वाढते आणि बेरीजही एकाने, म्हणून फरक जागचा हलत नाही. आता ५१० ला ६ ने भाग जाणं आणि ५०४ ला ६ ने भाग जाणं या एकच गोष्टी झाल्या, कारण मधला फरक ६ चाच आहे. तसंच ७ चं, ८ चं, ९ चं. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच उरला: ५०४ चे विभाजक कोणते? ६ आहे, ७ आहे, ८ आहे, ९ आहे, १० नाही. रांग का सुरू झाली आणि नेमकी ५१४ ला का तुटली, दोन्ही एका ओळीत कळलं.

हीच किल्ली ११० च्या गटाला लावा. ११० वजा २ म्हणजे १०८. त्या गटात अंकांची बेरीज २ पासून ११ पर्यंत जाते. त्यातले १०८ चे विभाजक २, ३, ४, ६ आणि ९. म्हणून ११०, १११, ११२, ११४ आणि ११७ या हर्षद, बाकीच्या पाच नाहीत. एकही भागाकार न करता दहा संख्यांचा निकाल लागला. सहावी-सातवीतलं मूल हे स्वतः शोधू शकतं. एखाद्याला दोन दिवस लागतील, एखाद्याला शेजारच्याची मदत लागेल, पण शोधू शकतं. आणि शोधलं की त्याच्या हाती जे येतं ते कोणत्याही गाइडमध्ये मिळत नाही: अवघड दिसणारा प्रश्न सोप्या प्रश्नात बदलता येतो, हा अनुभव. पुढे बीजगणितात, भौतिकशास्त्रात, प्रोग्रॅमिंगमध्ये सगळीकडे हेच करायचं असतं. तेव्हा उपयोग विचारणाऱ्यांना माझं हे उत्तर आहे.

लहानपणी मला ९ ची कसोटी शिकवली गेली: अंकांची बेरीज करा, तिला ९ ने भाग गेला तर संख्येला जातो. का, असं मी विचारलं. नियम आहे, पाठ कर, असं उत्तर मिळालं. त्या शिक्षकांविषयी माझ्या मनात राग नाही. पुढे अभ्यासक्रम पळत होता आणि वर्गात मुलं भरपूर होती. पण १० म्हणजे ९ अधिक १, १०० म्हणजे ९९ अधिक १, म्हणून प्रत्येक दहामागे आणि प्रत्येक शंभरामागे एक-एक उरतो आणि उरलेल्यांची बेरीज म्हणजेच अंकांची बेरीज, हे सांगायला फळ्यावर तीन ओळी पुरतात. मला त्या तीन ओळी कळायला कॉलेज उजाडावं लागलं. विभाज्यतेच्या कसोट्या आजही बहुतेक वर्गांत अशाच पाठ होतात. ज्या मुलाने ५०४ ची गोष्ट शोधली आहे, त्याला ही कसोटी पाठ करावी लागत नाही. संख्येतून अंकांची बेरीज वजा केली की उरतं ते ९ च्या पटीत, हे त्याने आधीच पाहिलेलं असतं.

दुसरा आक्षेप वरच्या मजल्यावरून येतो, आणि तो हलका नाही. जी. एच. हार्डी या इंग्रज गणितज्ञाने १९४० साली ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात चार अंकी संख्यांतला एक गुणधर्म सांगितला आहे: ८७१२ आणि ९८०१ या दोनच संख्या आपल्या उलट्या संख्येच्या पटीत असतात (८७१२ म्हणजे २१७८ च्या चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ च्या नऊपट). असल्या गोष्टी कोड्यांच्या सदरांना शोभतात, गणितज्ञाला त्यांत फारसं काही नसतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामागे खरा मुद्दा आहे. अंक हे संख्येचे नसतात, आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचे असतात. बारा वस्तू बाराच राहतात, पण दशमान पद्धतीत त्या १२ अशा लिहिल्या जातात आणि अष्टमान पद्धतीत, जिथे दहाऐवजी आठाचे गट होतात, १४ अशा. १ अधिक २ म्हणजे ३, बाराला तिनाने भाग जातो. १ अधिक ४ म्हणजे ५, बाराला पाचाने जात नाही. मग हर्षद असणं हा बाराचा गुण की आपल्या दहा बोटांचा?

हार्डींच्या उदाहरणापुरतं हे मला मान्य आहे. पण यावरून अंकांचा सगळा प्रांतच उथळ ठरवणं मला चूक वाटतं, आणि हर्षद संख्यांचाच पुढचा इतिहास माझ्या बाजूने उभा आहे.

लागोपाठ जास्तीत जास्त किती हर्षद संख्या असू शकतात? एकक सोडून उरलेल्या अंकांची बेरीज विषम असेल, तर त्या दहाच्या गटातली एकही विषम संख्या हर्षद असू शकत नाही. कारण विषम आणि विषम मिळून बेरीज सम होते, आणि सम संख्येने विषम संख्येला भाग जात नाही. १२१, १२३, १२५ घ्या: बेरजा ४, ६, ८. जमत नाही, जमणारच नाही. म्हणजे लांब रांगा फक्त ‘सम’ गटांत. सम गटाच्या शेजारी सहसा विषम गट येतो. दोन सम गट शेजारी येतात ते हातचा आला तरच, जसे १९० चा गट आणि २०० चा गट. तीन मात्र कधीच येत नाहीत. तेव्हा दोन गटांच्या वीस संख्या आणि फार तर पुढच्या गटातली पहिली, एवढीच मर्यादा. शाळेतल्या सम-विषमावर आपण २१ पर्यंत येऊन पोचलो! शेवटची एक संख्या वगळायला जास्त कष्ट पडतात. ते १९९३ साली कूपर आणि केनेडी या गणितज्ञांनी घेतले: लागोपाठ २१ हर्षद संख्या असू शकत नाहीत, आणि २० च्या रांगा मात्र अनंत आहेत. त्यांनी रचून दाखवलेल्या २० च्या रांगांमधली सर्वांत लहान संख्या लिहायची म्हटली, तर ४४३६ कोटींहून अधिक अंक लागतात.

आणि दहा बोटांचं काय? १९९४ साली ग्रुंडमन यांनी दाखवलं की दहाऐवजी कोणताही पाया घेतला, म्हणजे अष्टमानासारख्या दुसऱ्या पद्धतीत संख्या लिहिल्या, तरी रांगेची कमाल लांबी पायाच्या बरोबर दुप्पट असते. म्हणजे २० हा आकडा आपल्या बोटांचा, पण दुप्पट हे नातं सगळ्या पायांना लागू. अंकांच्या खेळातून सुरुवात करून माणूस अंकांच्या पलीकडे पोचला. याहून मला थक्क करणारी गोष्ट वेगळी आहे. मोठ्या संख्येपर्यंत मूळ संख्या साधारण किती, याचा अंदाज त्या संख्येला तिच्या नैसर्गिक लॉगॅरिथमने भागून मिळतो. हा संख्या-सिद्धांतातल्या श्रेष्ठ प्रमेयांपैकी एक, आणि हार्डींच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा प्रांत. २००३ साली द कोनिंक, दोयाँ आणि काताई यांनी सिद्ध केलं की हर्षद संख्याही त्याच दराने विरळ होतात, फक्त त्या अंदाजाला सुमारे १.१९ ने गुणायचं. दहाच्या पुढची एकही मूळ संख्या हर्षद नसते. दोघींची ओळखसुद्धा नाही, आणि तरी विरळ होण्याची चाल एक. कोड्यांच्या सदरातली गोष्ट इथवर आली. (ज्या १७२९ ला हार्डींनी रामानुजनपुढे नीरस म्हटल्याचा किस्सा आपण सगळे सांगतो, त्याच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९.)

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो वर्गात उभं राहणाऱ्यांचा आहे. मुलांना साधा भागाकार येत नाही, आणि तुम्ही संख्यांच्या गमती काय सांगता? आधी पाया पक्का होऊ द्या.

ही काळजी खरी आहे. पण पाया पक्का व्हायचा कशाने? पन्नास सुटे भागाकार देऊन? त्यांतल्या कुठल्याही उत्तराची मुलाला वाट पाहायची नसते. त्याऐवजी सांगा: १ ते १०० मधल्या सगळ्या हर्षद संख्या शोधा. त्या ३३ आहेत, पण आकडा सांगू नका. मुलाला शंभर बेरजा आणि जवळजवळ तितकेच भागाकार करावे लागतील. चुकलं तर शेजारच्याची यादी जुळणार नाही, भांडण होईल, दोघं पुन्हा तपासतील. सराव तोच, पण आता प्रत्येक भागाकाराच्या टोकाला एक हो किंवा नाही उभं आहे. शिवाय ज्याला पाढे कच्चे आहेत तोही पहिल्या दिवसापासून खेळात आहे. ‘आधी पाया’ म्हणत आपण ज्या मुलांना बाहेर बसवतो, त्यांचा पाया पुढे कधी पक्का झालेला मी पाहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात गणितासाठी कोडी आणि खेळ नियमित वापरावेत असं लिहिलेलं आहे. धोरण अनुकूल आहे. अडतं ते वेळापत्रकात आणि आपल्या मनात.

वर्गात आणखी एक गोष्ट शिकवायची राहून जाते, आणि ती म्हणजे फसणं. १ पासून एखाद्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार, म्हणजे फॅक्टोरियल, घ्या. ४ चं फॅक्टोरियल २४, बेरीज ६, भाग जातो. ५ चं १२०, बेरीज ३, जातो. ६ चं ७२०, बेरीज ९, जातो. शंभरापर्यंत करा, जातो. चारशेपर्यंत, जातो. ४३१ पर्यंत प्रत्येक फॅक्टोरियल हर्षद आहे. ४३२ चं नाही. त्याच्या अंकांची बेरीज ३८९७, म्हणजे ९ गुणिले ४३३. आणि ४३३ ही मूळ संख्या ४३२ पर्यंतच्या कोणत्याही संख्येत दडलेली नाही, त्यामुळे भाग जाणं अशक्य. चारशे एकतीस वेळा खरं ठरलेलं पुढच्या वेळी खोटं ठरलं. दोन-तीन उदाहरणांवरून नियम मांडायची जी सवय आपल्या बोलण्यात, बातम्यांत, चर्चांत भिनली आहे, तिच्यावर याहून चांगला धडा मला माहीत नाही. सिद्धता कशासाठी हवी, हे नववीतल्या भूमितीच्या प्रमेयांनी मुलांना क्वचितच पटतं. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज तर दिसतेच आहे, मग सिद्ध काय करायचं? ४३२ पाहिलेलं मूल हे विचारणार नाही.

अंकांची बेरीज करणं आपल्याकडे आज सर्वांत जास्त कशासाठी होतं? मूलांक आणि भाग्यांक काढण्यासाठी. जन्मतारखेचे अंक मिळवून नशीब सांगणारे ठिकठिकाणी आहेत, आणि चांगली शिकलेली माणसं त्यांच्यापुढे बसतात. बेरीज पुन्हा-पुन्हा करून एक अंक उरतो तेव्हा आपण ९ ने भागल्यावरची बाकी काढत असतो, एवढं ज्याला शाळेत कळलं आहे, त्याला त्या अंकात गूढ दिसणार नाही. झटपट गणिताच्या क्लासमध्येही अशीच एक उणीव असते. तिथे युक्ती मिळते, वेग मिळतो, आणि ‘का’ मात्र दाराबाहेर राहतो. चकित होणं ही सुरुवात आहे. तिथेच थांबवलं तर मूल जादू पाहायला शिकतं, गणित करायला नाही.

२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा महाराष्ट्र किती पेटून उठला होता ते आठवतं. विधिमंडळापासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळे बोलले. संख्येला काय म्हणायचं यावर एवढं बोलणाऱ्या समाजाने, मुलांनी संख्येशी काय करावं यावरही तेवढ्याच जिवाने बोलावं, अशी माझी इच्छा आहे.

माझी मागणी लहान आहे. नवा धडा नको. धडा आला की ‘हर्षद संख्या म्हणजे काय? दोन उदाहरणे द्या, गुण २’ असा प्रश्न येईल आणि सगळं तिथेच संपेल. पंधरवड्यातून एक तास असा असावा, ज्यात गुण नाहीत आणि ज्यातल्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकांनाही माहीत असायलाच हवं असं नाही. ‘मला माहीत नाही, शोधू या’ हे वाक्य वर्गात उच्चारण्याची मोकळीक शिक्षकांना मुख्याध्यापकांनी द्यावी, अधिकाऱ्यांनी द्यावी, आणि पालकांनीही द्यावी. कारण त्या वाक्याची तक्रार बहुतेक वेळा घरूनच येते. बत्तीस वर्षं शाळेत शिकवणाऱ्या एका माणसाने ते वाक्य स्वतःशी रोज म्हटलं, म्हणून ६१७४ सापडली.

पहिल्या तासाला पाचशे दहाची रांग फळ्यावर लिहावी आणि विचारावं: चार सापडल्या, लागोपाठ पाच सापडतील का? १ ते १० सोडून. मुलं हजारापर्यंत जातील, काही जण दहा हजारांपर्यंत, आणि दमतील. दमू द्यावं. कोणीतरी ५०४ चं गुपित शोधेल. मग कोणाच्या तरी लक्षात येईल की पाच लागोपाठ आकड्यांनी भाग जाणारी एक संख्या हवी आहे, आणि गेल्या वर्षी कंटाळत केलेला लसावि अचानक कामाला येईल. १२, १३, १४, १५, १६ यांचा लसावि २१८४०. त्याची सहापट १३१०४०. त्यात १२ मिळवले की १३१०५२, आणि तिच्या अंकांची बेरीज बरोबर १२. रांग तिथे सुरू होते आणि १३१०५६ ला संपते. ही संख्या शिक्षकांनी आधी सांगू नये.